लेट-नाइट कार्यक्रमात पाहुण्याला विनोद कसा सुचतो?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतील लेट-नाइट, म्हणजे टीव्हीवर रात्री उशिरा लागणाऱ्या गप्पांच्या, कार्यक्रमांत येणारे नट, गायक, खेळाडू, लेखक असे सगळेच पाहुणे इतके हजरजबाबी कसे दिसतात? त्यांचे किस्से आधी ठरलेले असतात का, आणि तसे असेल तर त्याला गप्पा म्हणायचे की नाटक? प्रश्नकर्ते स्वतः एका छोट्या मराठी कार्यक्रमाची जुळवाजुळव करत आहेत आणि तसेच टेबल, तसाच सोफा मांडूनही आपल्याकडे गप्पा का रंगत नाहीत, हेही त्यांनी विचारले आहे. मी मुंबईत बरीच वर्षे मराठी आणि हिंदी गप्पांच्या कार्यक्रमांसाठी पाहुण्यांची पूर्वतयारी करत आले आहे आणि अमेरिकी कार्यक्रमांचे जुने भाग हा माझ्या रोजच्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. होय, बहुतेक किस्से आधी ठरलेले असतात. चित्रीकरणाच्या काही दिवस आधी कार्यक्रमाच्या निर्मिती विभागातील एक व्यक्ती पाहुण्याशी फोनवर निवांत बोलते. सध्या काय चालले आहे, घरी काय घडले, कुठे फजिती झाली, लहानपणी काय काय केले, अशा गोष्टी काढून घेते. त्या बोलण्यातून तीन-चार किस्से निवडले जातात, त्यांचा क्रम लावला जातो आणि यजमानाच्या हातातल्या कार्डांवर प्रत्येक किश्श्याला तोंड फोडणारा एकेक प्रश्न लिहिला जातो. सहा-सात मिनिटांत पाहुण्याची ओळख, त्याच्या नव्या चित्रपटाचा उल्लेख, चित्रफितीचा एक तुकडा आणि दोन-तीन खणखणीत हशे बसवायचे असतील, तर दुसरा मार्गही नाही. यात मला फसवणूक दिसत नाही. आपल्याकडच्या प्रकट मुलाखतीतही मुलाखतकार आधी पाहुण्याच्या घरी जाऊन तास-दोन तास बसतो आणि श्रोत्यांना त्यात कधी काही वावगे वाटलेले नाही.

मात्र या पूर्वतयारीचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा बरेच नाजूक आहे आणि रंगणाऱ्या व न रंगणाऱ्या गप्पांमधला अर्धा फरक इथेच पडतो. पाहुण्याला "तुमच्या आयुष्यातला एखादा गमतीदार प्रसंग सांगा" असे विचारले तर तो हटकून गप्प होतो, किंवा "खूप आहेत हो, काय काय सांगू?" असे म्हणून विषय टाळतो. माणसाच्या स्मरणात प्रसंग "गमतीदार" या मथळ्याखाली साठवलेले नसतात. ते जागा, वस्तू, माणसे आणि वास यांच्याशी बांधलेले असतात. एका ज्येष्ठ रंगकर्मींशी मी बोलत होते. दौऱ्यातल्या गमती विचारल्या तेव्हा त्यांनी सहकलाकारांचे कौतुक केले, प्रेक्षकांचे आभार मानले आणि थांबले. मग मी विचारले, "सामानाचा ट्रक कधी वेळेवर पोचला नाही, असे झाले का?" त्यांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा आवाजच बदलला. ट्रक घाटात अडकला होता, तिकिटे विकली गेली होती आणि ऐतिहासिक नाटकाचा दरबार जवळच्या शाळेतून आणलेल्या बाकांवर भरवावा लागला होता. महाराज सिंहासनावरून उठले, प्रेक्षकांकडे पाठ करून दोन पावले चालले आणि मागे सिंहासनाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात '७ वी ब' असे ठळक अक्षरांत सगळ्या नाट्यगृहाला दिसले.

आता हा किस्सा यजमानाच्या कार्डावर कसा लिहायचा? पूर्ण लिहिला तर तो मेला. कार्डावर फक्त "नेपथ्याचा ट्रक, घाट" एवढेच हवे आणि प्रश्न असा हवा की तो हशाच्या एक पायरी अलीकडे थांबेल: "ट्रक आलाच नाही, तर दरबार कसा भरवला?" पुढची वाट पाहुण्याची. त्या दिवशीच्या सूत्रसंचालकांना किस्सा फारच आवडला होता आणि त्यांनी उत्साहाने विचारले, "ऐकले आहे की सिंहासनावर म्हणे '७ वी ब' लिहिलेले होते?" ज्येष्ठ नटाला "हो, हो, तसे झाले होते खरे" एवढेच म्हणता आले. प्रेक्षक हसले, पण ते सौजन्याने हसले. पाहुण्याच्या ताटातला घास यजमानाने उचलला होता.

मला या प्रश्नाच्या निमित्ताने जे सांगायचे आहे ते एवढेच आहे: लेट-नाइट कार्यक्रमातला पाहुणा विनोदी दिसतो तो यजमानाच्या ऐकण्यामुळे. पूर्वतयारी असते ती यजमानाला पुढचा प्रश्न काय विचारायचा या काळजीतून मोकळे करण्यासाठी, म्हणजे त्याचे कान आणि डोळे समोरच्या माणसाकडे राहतात. ज्यांनी हा प्रकार घडवला त्यांच्या कामात हे पुन्हा पुन्हा दिसते.

'टुनाइट' हा लेट-नाइट कार्यक्रम एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर १९५४ मध्ये स्टीव्ह ॲलन यांनी सुरू केला, १९५७ ते १९६२ तो जॅक पार यांच्याकडे होता आणि ऑक्टोबर १९६२ पासून मे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, तो जॉनी कार्सन यांनी चालवला. कार्सन हे मूळचे जादूगार आणि नभोवाणीवरचे निवेदक. नेब्रास्का विद्यापीठात त्यांनी १९४९ मध्ये पदवीसाठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषयच नभोवाणीवरील विनोदलेखन हा होता. त्यांचे दैवत होते विनोदवीर जॅक बेनी. बेनी यांच्या कार्यक्रमात चांगले विनोद बहुधा इतरांच्या तोंडी असत, ते विनोद बेनी यांच्यावर केलेले असत, आणि बेनी फक्त गालावर हात ठेवून प्रेक्षकांकडे पाहत. हशा त्या पाहण्याला मिळे. कार्सन यांनी हे तंत्र जसेच्या तसे उचलले आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर लागू केले.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९६५ मधले आहे. 'डॅनियल बून' या मालिकेत मिंगो या आदिवासी पात्राची भूमिका करणारे एड एम्स हे गायक-नट पाहुणे होते आणि कुऱ्हाड फेकून नेम कसा साधायचा याचे प्रात्यक्षिक ते दाखवणार होते. लाकडी फळीवर माणसाची आकृती रेखाटलेली होती. एम्स यांनी कुऱ्हाड फेकली, ती आकृतीच्या दोन मांड्यांच्या मधोमध रुतली आणि तिचा दांडा वरच्या दिशेने राहिला. प्रेक्षागृहात जो हशा उसळला तो थांबेचना. इथे बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट अशी की एम्स ओशाळून कुऱ्हाड काढायला निघाले आणि कार्सन यांनी त्यांचा दंड धरून त्यांना जागीच थांबवले. ते चित्र पडद्यावर राहू दिले. स्वतः काहीही न बोलता, हातातली हत्यारे एकमेकांवर घासत ते उभे राहिले. हशा ओसरू लागल्यावर एक वाक्य टाकले, की तो पुन्हा चढला. नंतर एम्स यांनी "आता तुम्ही फेकून पाहा" असे सुचवले तेव्हा त्यांचे उत्तर होते की तुम्ही त्याला जेवढे दुखावलेत त्यापेक्षा जास्त मी काय दुखावणार.

नवशिक्या सूत्रसंचालकांना मी हा तुकडा आवाज बंद करून दाखवते. आवाज नसला की कार्सन यांचे खरे काम दिसते: दंडावरचा हात, प्रेक्षकांकडे टाकलेला एक कटाक्ष, हशाच्या लाटेचा अंदाज घेणारे थांबणे. दुसरा कोणी असता तर पहिल्याच सेकंदाला काहीतरी बोलला असता आणि तो हशा अर्ध्यावर तुटला असता. विनोदवीराला बोलण्याचा मोह आवरणे किती कठीण असते हे ज्यांनी रंगमंचावर काम केले आहे त्यांना सांगायला नको.

दुसरे उदाहरण मला त्याहून मोलाचे वाटते, कारण त्यात पाहुणी कोणी नटी नव्हती. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन इथल्या बटाटा चिप्सच्या कारखान्यात काम करणाऱ्या मर्टल यंग या वयस्क बाई १९८७ मध्ये कार्यक्रमात आल्या. कारखान्याच्या पट्ट्यावरून सरकणाऱ्या चिप्समधून प्राण्यांच्या, माणसांच्या चेहऱ्यांसारखे दिसणारे चिप्स वेचून त्यांनी संग्रह केला होता आणि तो ट्रेमध्ये नीट मांडून त्या दाखवत होत्या. क्षणभर त्यांचे लक्ष दुसरीकडे गेले आणि कार्सन यांनी कुरकुर आवाज करत एक चिप खाल्ला. बाईंनी वळून पाहिले. त्यांचा चेहरा असा झाला की आता काय होणार असे पाहणाऱ्यालाही वाटावे. कार्सन यांनी लगेच टेबलामागून साध्या चिप्सचे भांडे काढून दाखवले. त्यांनी संग्रहातल्या चिपला हातही लावलेला नव्हता.

भांडे आधीपासून टेबलामागे ठेवलेले होते, म्हणजे गंमत योजलेली होती. तरीही तिच्यात सर्वांत जास्त योजना कशाची होती, तर बाईंना धक्का किती वेळ बसू द्यायचा याची. भांडे दाखवायला कार्सन यांनी आणखी चार सेकंद लावले असते तर ती एका भोळ्या बाईची चेष्टा झाली असती आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाला अवघडल्यासारखे झाले असते. अगदी लगेच दाखवले असते तर काहीच घडले नसते. त्यांनी बाईंना घाबरू दिले आणि त्याच दमात दिलासा दिला, म्हणून त्या स्वतः मनापासून हसल्या. टीव्हीवर सामान्य माणसाला बोलावून त्याच्यावर हसण्याचा धंदा आज सर्वत्र चालतो. त्याच्या तुलनेत ही दोन मिनिटे मला फार सभ्य वाटतात.

यजमानाच्या एकट्याच्या निवेदनाबद्दल, म्हणजे सुरुवातीच्या मोनोलॉगबद्दल, इथे फार लिहीत नाही, कारण तो लेखकांच्या चमूचा प्रांत आहे. एकच सांगते. कार्सन यांचा विनोद पडला की ते पडल्याचे कबूल करत, कधी वाद्यवृंद 'टी फॉर टू'ची धून वाजवायला लागे आणि ते दोन पावले नाचत. पडलेल्या विनोदाला असा मान दिल्यामुळे नंतर येणाऱ्या पाहुण्याची भीतीही कमी होत असे: इथे यजमानही पडतो आणि उठतो, तर आपले काय एवढे!

पाहुणा जेव्हा स्वतःच विनोदवीर असतो तेव्हा नियम बदलतात. कार्सन यांच्या काळात नव्या विनोदवीराला पडद्यापुढे पाच-सहा मिनिटांचा एकपात्री तुकडा सादर करायला मिळे आणि तो संपल्यावर कार्सन यांनी हाताने खूण करून सोफ्यावर बोलावले तर त्याचे नशीब उघडले असे समजले जाई. डिसेंबर १९७३ मध्ये फ्रेडी प्रिन्झ यांचे असे झाले आणि पुढच्याच वर्षी ते एका मालिकेचे नायक होते. १९८६ मध्ये एलेन डीजेनरेस यांनी देवाला फोन लावण्याचा तुकडा सादर केला आणि पहिल्याच वेळी सोफ्यावर बोलावलेल्या त्या पहिल्या स्त्री विनोदवीर ठरल्या. ही खूण म्हणजे एका माणसाच्या पसंतीवर अनेकांची कारकीर्द अवलंबून असणे, हे मला पटत नाही. त्यातून कित्येक चांगले कलावंत बाहेर राहिले असणार. पण कार्सन यांची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. सोफ्यावर आलेल्या विनोदवीराला ते सरळ प्रश्न विचारत आणि त्याच्याशी विनोदाची स्पर्धा करत नसत.

कोनन ओ'ब्रायन यांनी याच्या पुढची पायरी गाठली. ओ'ब्रायन स्वतः लेखक, १९९३ मध्ये एनबीसीच्या 'लेट नाइट' कार्यक्रमात डेव्हिड लेटरमन यांच्या जागी यजमान म्हणून आले तेव्हा पडद्यावर जवळजवळ अनोळखी. सोफ्याची जुनी पद्धत अशी की पहिला पाहुणा आपले बोलणे झाले की एक जागा सरकतो आणि दुसऱ्याचे बोलणे ऐकत बसतो. बहुतेक पाहुणे तिथे हसरा चेहरा ठेवून बसतात. १९९७ मध्ये विनोदवीर नॉर्म मॅक्डोनल्ड असे सरकून बसले होते आणि अभिनेत्री कोर्टनी थॉर्न-स्मिथ आपल्या आगामी चित्रपटाबद्दल सांगत होत्या. नॉर्म मधे मधे बोलत होते. शिष्टाचाराप्रमाणे ओ'ब्रायन यांनी त्यांना आवरायला हवे होते. त्यांनी चित्रपटाचे नाव विचारले, ते ऐकले आणि नॉर्म यांनाच आव्हान दिले की आता यावर काही करून दाखव. नॉर्म यांनी क्षणाचाही विलंब न लावता त्या नावातल्या एका शब्दावर अशी कोटी केली की ओ'ब्रायन हसून अक्षरशः कोलमडले. कोटी नॉर्म यांची, पण तिच्यासाठी चेंडू उंच टाकला ओ'ब्रायन यांनी, आणि तोही आपल्या दुसऱ्या पाहुणीच्या प्रसिद्धीचा बळी जाईल हे समजून. त्या बाईंवर यात थोडा अन्याय झाला असे मला वाटते. त्याही हसत होत्या, हा त्यांचा मोठेपणा.

लेटरमन यांची जातकुळी वेगळी. १९८२ पासून एनबीसीवर आणि १९९३ पासून २०१५ पर्यंत सीबीएस या दुसऱ्या वाहिनीवर त्यांनी जी मुलाखत घडवली तिच्यात थोडी कुरापत असे. त्यांना खेळायला येणारा पाहुणा आवडे. १ फेब्रुवारी १९८२ च्या पहिल्या भागाचे पहिले पाहुणे नट बिल मरे होते आणि ३० ऑगस्ट १९९३ च्या सीबीएसवरील पहिल्या भागाचेही तेच. त्या वेळी मरे यांनी रंगाच्या फवाऱ्याने लेटरमन यांच्या नव्या कोऱ्या टेबलावर 'डेव्ह' असे नाव लिहून टाकले. चार्ल्स ग्रोडिन हे नट तर प्रत्येक वेळी चिडलेल्या, अपमान झालेल्या पाहुण्याची भूमिका घेऊन येत आणि कार्सन व लेटरमन दोघेही त्यांना तेवढ्याच गंभीरपणे उत्तरे देत. हे भाग मुद्दाम पाहावेत. सगळे गोड बोलतात अशा जागी एकाने ठरवून कडू बोलायचे आणि दुसऱ्याने ते खरे धरायचे, यातून निर्माण होणारा विनोद फार उच्च प्रतीचा असतो, पण दोघांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास नसेल तर तो दुसऱ्या मिनिटाला कोसळतो.

पाहुण्याने काहीच द्यायचे नाही असे ठरवले तर? ११ फेब्रुवारी २००९ रोजी नट वाकीन फीनिक्स दाढी वाढवून, काळा चष्मा लावून लेटरमन यांच्यासमोर बसले आणि एका शब्दाच्या पलीकडे उत्तर देईनात. अभिनय सोडून गायक होण्याचा तो त्यांचा सोंगाचा काळ होता, हे पुढच्या वर्षी उघड झाले. त्या खुर्चीवर पाहुणा मुका बसला की यजमानाला दोनच गोष्टी हाती उरतात, प्रेक्षक आणि ती शांतता. लेटरमन यांनी शांतता झाकली नाही. त्यांनी ती मोजून मोजून वापरली आणि शेवटी, आज रात्री तुम्हाला इथे येता आले नाही याचे वाईट वाटते, असे म्हणून पाहुण्याला निरोप दिला. पाहुण्यावर केलेला विनोद सहसा मला रुचत नाही. इथे मात्र पाहुण्याने आपला वाटा उचलायला नकार दिला होता आणि कार्यक्रम यजमानालाच तारून न्यायचा होता.

याच्या उलट टोकाला कार्सन यांच्यानंतर 'टुनाइट' चालवणाऱ्या जे लेनो यांचा १० जुलै १९९५ चा भाग येतो. ब्रिटिश नट ह्यू ग्रँट यांना जूनच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये वेश्येसोबत अटक झाली होती आणि चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी त्यांची लेनो यांच्याकडे येण्याची तारीख आधीच ठरलेली होती. लेनो यांनी आडून आडून काही न विचारता पहिलाच प्रश्न केला की तुमच्या डोक्यात नेमके होते तरी काय. प्रेक्षागृह हशाने फुटले, ग्रँट ओशाळले आणि त्यांनी सबबी न सांगता चूक मान्य केली. तोवर प्रेक्षकसंख्येत लेटरमन लेनो यांच्या पुढे होते. तिथपासून पारडे फिरले. यावरून आपल्याकडच्या निर्मात्यांनी वादग्रस्त पाहुणा आणा असा धडा घेतला, तो मला चुकीचा वाटतो. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असताना तो न विचारता केलेला कोणताही विनोद पडणारच होता. आधी तो प्रश्न मोकळा करावा लागतो, मग पुढच्या बोलण्याला जागा होते. कार्डावरच्या प्रश्नांचा क्रम लावताना मी अजूनही आधी हेच पाहते की प्रेक्षक कोणता प्रश्न घेऊन घरून निघाला आहे.

आणि कधी कधी तो प्रश्न मृत्यूचा असतो. गीतकार-गायक वॉरन झेव्हन यांना फुप्फुसाच्या आवरणाचा असाध्य कर्करोग झाल्याचे कळले तेव्हा लेटरमन यांनी ३० ऑक्टोबर २००२ चा संपूर्ण भाग त्यांना एकट्याला दिला. झेव्हन अनेकदा कार्यक्रमात आले होते आणि वाद्यवृंदाचे प्रमुख पॉल शॅफर यांच्या गैरहजेरीत त्यांनी वाद्यवृंदही सांभाळला होता. त्या रात्री लेटरमन यांनी आजाराबद्दल थेट विचारले आणि झेव्हन यांनी वीस वर्षे डॉक्टरकडे न जाणे ही आपली व्यूहरचनेतली चूक ठरली, असे उत्तर दिले. लोक हसले. आता आयुष्याबद्दल काय कळले असे विचारल्यावर ते म्हणाले, प्रत्येक सँडविचचा आस्वाद घ्यावा हे कळले. लेटरमन यांनी त्यानंतर काही चमकदार बोलण्याचा प्रयत्न केला नाही. पुढच्या सप्टेंबरमध्ये झेव्हन गेले. विनोदी कार्यक्रमात मरणाबद्दल बोलता येते का असे कोणी विचारले तर मी हा भाग पाहायला सांगते. विनोद करण्याचा हक्क तिथे पाहुण्याचा होता आणि यजमानाने त्यावर हसण्याचे धैर्य दाखवले.

वेळेचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कार्सन यांचा कार्यक्रम १९८० पर्यंत नव्वद मिनिटांचा होता, सप्टेंबर १९८० पासून तो तासाभराचा झाला. गेलेल्या अर्ध्या तासात काय गेले? शेवटी येणारे लेखक, शास्त्रज्ञ, छंदिष्ट, ज्यांना विकायला काहीच नसे. कार्ल सेगन यांच्यासारखा खगोलशास्त्रज्ञ नटनट्यांच्या शेजारी बसून ताऱ्यांबद्दल बोलतो आणि यजमान लहान मुलाच्या कुतूहलाने विचारतो, ही त्या कार्यक्रमाची श्रीमंती होती. सेगन त्यानंतरही येत राहिले, पण अशा पाहुण्यांसाठीची ऐसपैस जागा आक्रसली. पुढे यूट्यूबवरचे तुकडे महत्त्वाचे झाले तसा पाहुण्याला बोलते करण्याऐवजी त्याला खेळ खेळायला लावण्याकडे कल वाढला. खेळ वाईट नसतात, पण खेळात पाहुणा कोण आहे याने फारसा फरक पडत नाही.

या सगळ्यात क्रेग फर्ग्युसन यांचे स्थान मला फार वरचे वाटते. २००५ ते २०१४ या काळात सीबीएसवर मध्यरात्रीनंतरचा 'लेट लेट शो' चालवताना ते पाहुणा बसला की हातातली प्रश्नांची कार्डे त्याच्यासमोर टराटरा फाडत आणि मग बोलायला लागत. कार्डे तयार करणाऱ्यांचे श्रम वाया जात असे समजू नये. फाडण्यासाठीही ती तयार असावी लागतात. पाहुण्याशी आधी बोलणे झालेले असते, त्याला कोणता विषय खुलवतो हे माहीत असते आणि गाडी रुतलीच तर काढण्याचा मार्ग ठाऊक असतो. फाडण्याच्या कृतीने पाहुण्याला मात्र कळते की पाठ केलेले आता उपयोगाचे नाही, समोरचा माणूस ऐकणार आहे. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्यासोबत त्यांनी जो भाग केला त्याला प्रसारणातला मानाचा पीबडी पुरस्कार मिळाला, आणि २०१० मध्ये ब्रिटिश नट-लेखक स्टीफन फ्राय यांच्यासोबत प्रेक्षकांशिवाय संपूर्ण भाग केला. प्रेक्षक नसताना कोणी हशासाठी बोलत नाही, आणि त्या भागातले हसू म्हणूनच वेगळे आहे.

आता आपल्याकडचे. शेखर सुमन यांच्या 'मूव्हर्स अँड शेकर्स'ने १९९७ मध्ये सोनी वाहिनीवर अमेरिकी मांडणी, म्हणजे मोनोलॉग, वाद्यवृंद आणि टेबल, हिंदीत आणली आणि ती लोकांनी उचलूनही धरली. मराठीत लोकप्रिय झाली ती मात्र निराळी मांडणी. २०१४ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मध्ये पाहुणा बहुतेक वेळ प्रेक्षक असे; भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे ही मंडळी त्याच्यासमोर त्याच्याच चित्रपटाचे विडंबन करत आणि पाहुण्याचे हसणे हाच कार्यक्रमाचा पाहुणचार असे. ही मांडणी आपल्या लोकनाट्याच्या वळणाची आहे आणि ती दुय्यम मुळीच नाही. पण तिच्यामुळे पाहुण्याला बोलते करून हसवण्याचा सराव आपल्याकडे कमी राहिला, हेही खरे.

दुसरी अडचण आदराची. आपण ज्येष्ठ पाहुण्यासमोर बसलो की कौतुकाने सुरुवात करतो, आणि कौतुकाला नम्र उत्तर देण्याखेरीज पाहुणा काय करणार? तीन कौतुके झाली की तो औपचारिक होतो आणि पुढे तो तसाच राहतो. आदर कमी करावा असे मी म्हणत नाही. तो प्रश्नाच्या नेमकेपणातून दिसू द्यावा. "आपण रंगभूमीची अखंड सेवा केलीत" या वाक्यापेक्षा "त्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात तुम्ही चहाचा कप उलट्या हाताने का धरायचात?" या प्रश्नात पाहुण्याला जास्त मान आहे, कारण विचारणाऱ्याने त्याचे काम खरोखर पाहिले आहे हे त्याला कळते. अशा प्रश्नाला कोणी नम्र उत्तर देत नाही. तो खुर्चीत पुढे सरकतो.

तुमच्या कार्यक्रमासाठी म्हणून इतकेच सुचवते. टेबल-सोफ्यावर होणारा खर्च थांबवा आणि तो पैसा पूर्वतयारी करणाऱ्या एका चांगल्या माणसावर खर्च करा. त्याला प्रत्येक पाहुण्याशी किमान एकदा प्रत्यक्ष भेटू द्या. कार्डावर किश्श्याचा शेवट कधीही लिहू नका. संकलकाला सांगून ठेवा की यजमान ऐकत असतानाचा चेहरा कापायचा नाही, कारण आपल्याकडे संकलनात सर्वांत आधी तोच जातो. आणि पहिले काही भाग अशा पाहुण्यांबरोबर करा ज्यांना कशाचीही जाहिरात करायची नाही: गावातले शिंपी, निवृत्त एसटी चालक, पोस्टात आयुष्य काढलेल्या बाई. त्यांच्यासमोर तुमच्या यजमानाला ऐकावेच लागेल, कारण त्यांच्याकडे पाठ केलेला एकही किस्सा नसेल.